खंडेनवमीला धुतलेली टुलं

आमच्या घरात पत्रकं आधी आली, मी नंतर. बाबा शेतमजुरांच्या संघटनेचं काम करतात. सापगावच्या आमच्या दोन खोल्यांपैकी एक माणसांची आणि एक कागदांची. पाहुणे आले की अंगणात माणसं झोपतात, कागद नाही. पत्रकाची घडी घालायला मी चौथ्या वर्षी शिकले आणि अक्षरंही त्या गुलाबी-पिवळ्या कागदांवरच गिरवली. पहिलीत बाईंनी ‘आई’ वाचायला सांगितलं तेव्हा मी ‘आवाहन’ वाचून दाखवलं, असं आई अजून आल्यागेल्याला सांगते. तिच्या सुरात कौतुक किती आणि तक्रार किती, हे मला आजवर कळलेलं नाही.

बारावीनंतर मी मुरबाडला सीएनसी मशीनच्या कोर्सला नाव घातलं. बाबांना आनंद झाला. कामगारांवर बोलणाऱ्यानं आधी हाताला ग्रीस लावून घ्यावं, असं त्यांचं मत. माझ्या मनात तर मी थेट कामगार वर्गात दाखल होणार होते. प्रत्यक्षात दाखल झाले ती औद्योगिक वसाहतीच्या कडेला असलेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. तिथं एक मशीन होतं आणि त्याच्याभोवती आम्ही वीस जण.

सीएनसीचं लेथ म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमात चालणारं लेथ. लोखंडाचा गोल तुकडा चकमध्ये, म्हणजे मशीनच्या फिरत्या पकडीत, पकडायचा, तो गरगर फिरतो आणि आपण आधी लिहून दिलेल्या आकड्यांप्रमाणे टूल त्याला तासत जातं. त्या तुकड्याला जॉब म्हणायचं. माणसाला जॉब मिळायच्या आधी लोखंडाला मिळतो, हे वाक्य मी पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं होतं. पत्रकात कधीतरी उपयोगी पडेल म्हणून.

पहिलं पत्रक मी दुसऱ्याच आठवड्यात काढलं. विषय होता, वीस जणांत एक मशीन. एकेकाला आठवड्यातून जेमतेम अर्धा तास हात लावायला मिळे, बाकी वेळ फळ्यावरचे आकडे. सात मागण्या लिहिल्या आणि सूचनाफलकावर टाचल्या. आमचे सर धसईचे. शांत माणूस, शर्टाच्या खिशात कायम लाल पेन. त्यांनी पत्रक उतरवलं, वाचलं आणि तपासून मला परत दिलं. ‘वेळ तात्काळ वाढवावा’ या ओळीखाली त्यांनी लिहिलं होतं, ‘तात्काळ म्हणजे किती? टॉलरन्स दिलेला नाही.’ टॉलरन्स म्हणजे मापात किती कमीजास्त चालेल त्याची मर्यादा. ती न लिहिलेलं ड्रॉइंग सर हातातही घेत नसत.

पुढच्या आठवड्यापासून शनिवारची दुपार मशीनसाठी मोकळी झाली. मी किमान महिनाभराच्या लढ्याची तयारी केली होती.

“एवढा कागद कशाला घालवलास गो,” माझी मैत्रीण म्हणाली. “सरांना विचारायचं ना सरळ.”

ही मैत्रीण आमच्या गावाबाहेरच्या वाडीतली. गाव संपलं की ओढा, ओढ्यापलीकडं वाडी. वाडीतल्या कुणाच्या नावावर जमीन नाही. भातकापणीपर्यंत इकडं मजुरी करायची, दिवाळी झाली की पोराबाळांसकट ट्रकमध्ये बसून वीटभट्टीवर जायचं आणि पावसाच्या तोंडावर परतायचं, हा तिच्या घरचा दरवर्षीचा नेम. ती स्वतः आश्रमशाळेत राहून दहावी झाली म्हणून भट्टीपासून वाचली. आता शाळा संपली होती आणि वसतिगृहही. कोर्सच्या शेवटी एका कंपनीचे साहेब परीक्षा घ्यायला येणार होते आणि एकाला वर्षभर अप्रेंटिस म्हणून घेणार होते. जागा एकच. ती मिळाली तर ही राहणार, नाही तर दिवाळीनंतर आईबापांसोबत ट्रकमध्ये. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही एसटीत खिडकीची काच वर होत नव्हती ती दोघी मिळून ओढत असताना. मी लगेच वीटभट्टीवरच्या कामाच्या परिस्थितीबद्दल बोलायला लागले. ती म्हणाली, “तू काच धर.”

मोजायची तिची एक पद्धत होती. मायक्रोमीटर लावला, आकडा आला, की आमच्यासारखी ती पुढं जायची नाही. पुन्हा लावायची. दोन्ही वेळा एकच आकडा आला तरच तो खरा. वेगवेगळे आले तर तिसऱ्यांदा. मुलं तिला ‘सोनार’ म्हणायची. तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

इथं मशीनची एक गोष्ट सांगायला हवी, नाही तर मी काय केलं ते कळणार नाही. मशीनच्या आत टरेट नावाची एक जाड चकती असते. घरात भिंतीवर खुंट्यांना विळे-कोयते अडकवावेत तशी तिच्यावर टुलं बसवलेली असतात. प्रत्येक टुलाचं टोक वेगवेगळं पुढं आलेलं असतं आणि मशीन आंधळं. कुठल्या टुलाचं टोक नेमकं कुठं आहे, ते आपण त्याला सांगायचं. त्यासाठी प्रत्येक टुलानं हलकासा काप घ्यायचा, जॉब मोजायचा आणि तो आकडा मशीनमध्ये भरायचा. याला ऑफसेट घेणं म्हणतात. एकदा घेतले की निश्चिंत. पण टूल सैल करून पुन्हा बसवलं आणि तांदळाच्या दाण्याएवढंही पुढंमागं झालं, तर जुना आकडा खोटा. मशीन मात्र तोच खरा मानून चालतं. मग कधी माप चुकतं, कधी टूल जाऊन चकवर आदळतं.

हे सगळं मला येत होतं. लेखी परीक्षेत याच प्रश्नाला मला पैकीच्या पैकी गुण होते.

परीक्षा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठरली. आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. नांगर, कोयता, रिक्षा, जे पोटाला घालतं ते सगळं त्या दिवशी हळदकुंकू लावून बसतं. मुलं सकाळीच झेंडू आणि भाताच्या लोंब्यांचं तोरण घेऊन आली. सर धास्तावले. आदल्या वर्षी कुणीतरी नारळ मशीनच्या आतच फोडला होता आणि गुलाल बटणांत गेल्यानं मशीन सुरू करायचं बटण महिनाभर चिकटत होतं. सरांनी परीक्षेसाठी सगळ्या टुलांचे ऑफसेट स्वतः घेतले, मशीनचं दार लावलं, तोरण बाहेरून बांधा म्हणाले आणि शेडची किल्ली सगळ्यांदेखत माझ्या हातात दिली.

“ही देव मानत नाय,” सर म्हणाले. “मशीन हिच्याकडं सुरक्षित.”

सगळे हसले. मी मात्र हा विवेकवादाचा जाहीर सन्मान समजून किल्ली घेतली. सर धसईच्या गाडीला गेले. माझी मैत्रीणही दुपारच्या आधीच निघाली, हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या, भाताची कापणी सुरू होती आणि तिच्या आईला हात हवे होते. मागं राहिली सात-आठ मुलं, आणि मी.

मुलांनी तोरण बांधलं, उदबत्ती लावली आणि घरी जायच्या बेताला आली. तेवढ्यावर भागलं असतं. पण माझ्यासमोर सात-आठ माणसं उभी होती आणि बोलायला विषय होता. मी म्हणाले, यंत्राची पूजा करू नका, यंत्राचा सन्मान करा. एकानं विचारलं, म्हणजे नेमकं काय करायचं. एवढ्या पुढचा विचार मी केलेला नव्हता. पत्रकात या ठिकाणी सहसा सभेची वेळ आणि जागा असते. मी थोडं थांबले आणि म्हणाले, स्वच्छता. आपल्यासाठी झिजणारं एकेक टूल आपण आपल्या हातानं स्वच्छ करायचं. कुणीतरी आठवण केली की सरांनी हात लावायचा नाही म्हटलंय. मी म्हटलं, सरांनी पूजा नको म्हटलंय, हे श्रम आहेत.

अशा रीतीनं, देव मानणाऱ्यांनी जे केलं नसतं ते मी करवून घेतलं. सहाच्या सहा टुलं टरेटवरून सोडवली. रॉकेलमध्ये ब्रशनं घासली. पांढऱ्या कापडावर ओळीनं मांडली आणि पुठ्ठ्यावर ‘श्रमाला सलाम’ लिहून पुढं ठेवलं. मी हात धुवायला नळावर गेले, तेवढ्यात मुलांनी प्रत्येक टुलावर एकेक झेंडू आणि कुंकवाचा ठिपका ठेवला होता. परत आल्यावर मला ते दिसलं, पण मांडणी इतकी सुरेख होती की मी बहुजनांच्या भावनांचा आदर केला. पुजलेलं हत्यार दसऱ्याआधी उचलायचं नसतं, असं एकानं सांगितलं. तेही मी मान्य केलं. नाही तरी दुसऱ्या दिवशी सुट्टी होती.

परीक्षेच्या दिवशी पहिल्या गाडीनं येऊन मी आणि दोन मुलांनी टुलं परत बसवली. एक नंबरचं एक नंबरच्या जागी, दोनचं दोनच्या. बोल्ट आवळून आवळून घट्ट केले. जागा चुकली नाही, याचा आम्हाला अभिमान होता. ऑफसेट हा शब्द तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. आजवर टुलं सरांनीच बसवली होती आणि ऑफसेट आम्ही धड्यासारखे वेगळे शिकलो होतो, त्या दोन्हींचा संबंध आमच्या हातांना माहीत नव्हता.

कंपनीचे साहेब वेळेवर आले. बारीक अंगाचे, स्वतःच्या चहाचा थर्मास स्वतः घेऊन फिरणारे. परीक्षेला आम्ही चौघं निवडलेले होतो. पहिली माझी मैत्रीण, दुसरी मी, मग दोन मुलं. प्रत्येकाला चाळीस मिनिटं. जॉब एक पायरीची पिन, तिच्या टोकाला आटे. मैत्रिणीनं जॉब चकमध्ये पकडला, प्रोग्रॅम लावला. तेवढ्यात धसईची उशिरा सुटलेली गाडी पकडून सर धापा टाकत आले, हातात नव्या तांदळाची पिशवी. साहेबांनी विचारलं, ऑफसेट घेतलेले आहेत ना.

“परवा मी स्वतः घेतलेत,” सर म्हणाले. “त्यानंतर मशीनला कुणाचा हात लागलेला नाही. किल्ली हिच्याकडं होती.” आणि त्यांनी माझ्याकडं बोट केलं, जसं काही मी शिक्का होते.

तेव्हा मला कळलं. खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की कदाचित काही होणार नाही. बसलंही असेल अगदी तसंच. मैत्रिणीचा अंगठा हिरव्या बटणावर होता. टूल चकवर आदळलं असतं तर परीक्षा तिथंच संपली असती. ते एकमेव मशीन बंद, आणि साहेब जागा घेऊन दुसऱ्या संस्थेकडं.

“सर,” मी म्हणाले, “मशीनच्या संदर्भात परवा काही बदल घडून आलेले आहेत.”

मैत्रिणीनं अंगठा न हलवता मान वळवली. “घडून आले म्हंजे? कोणी केले ते सांग ना.”

“मी. टुलं काढली होती. धुवायला.”

“किती?”

“सहाच्या सहा.”

सर पिशवीसकट स्टुलावर बसले. साहेबांनी थर्मासचं झाकण उघडलं आणि शांतपणे विचारलं, कशासाठी धुतली.

“सन्मान म्हणून,” मी म्हणाले.

“पूजा नव्हती साहेब ती,” मागून एका मुलानं मला मदत केली.

सरांनी वेळ वाढवून मागितला. एक तास तरी द्या, चूक हिची नाही, असं मैत्रिणीकडं हात करून म्हणत राहिले. साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले की कारखान्यात आधीच्या पाळीचा माणूस टूल बदलून निघून जातो, चिठ्ठी ठेवत नाही. इथं निदान कुणी बोललं तरी. चाळीस मिनिटं म्हणजे चाळीस. सुरू कर.

मैत्रिणीनं बटणावरचा अंगठा काढला. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही, त्या वेळी पाहायला तिला सवडच नव्हती. जॉबला चार टुलं लागणार होती. तिनं पहिलं टूल हळूहळू पुढं आणलं, हलका काप घेतला, मोजला, पुन्हा मोजला, आकडा भरला. मग दुसरं. तिसऱ्याला दोन वेळा दोन आकडे आले. मायक्रोमीटर पुसून तिनं तो तिसऱ्यांदा लावला. मी बाजूला उभी राहून मनात ओरडत होते, राहू दे गो, जवळपास बरोबर आहे. आयुष्यात मी कितीतरी गोष्टींबद्दल ‘तडजोड नाही’ असं छापलं आहे. त्या दिवशी तांदळाच्या दाण्याच्याही दहाव्या भागावर तडजोड करायला मी तयार होते आणि ती नव्हती.

चार टुलांचे ऑफसेट होईपर्यंत चोवीस मिनिटं गेली. मग तिनं जॉब सुरू केला. पायरी झाली, खाच झाली. आट्यांचं टूल फिरून समोर येत होतं आणि साहेब म्हणाले, वेळ झाली. तिनं लगेच मशीन थांबवलं. पिन चकचकीत होती, मापाला अचूक होती आणि तिच्या टोकाला आटे नव्हते.

मग माझी पाळी. ऑफसेट सगळे तिनं घेतलेले, तयार. मी जॉब पकडला, बटण दाबलं आणि पंचवीस मिनिटांत आट्यांसकट पूर्ण पिन बाहेर काढली. माझ्या हातून निघालेला तो सगळ्यात सुंदर जॉब. तो हातात धरताना माझी मान खाली होती. मागच्या दोन मुलांपैकी एकाची पिन ठीक झाली, दुसऱ्याच्या पिनेचा व्यास चुकला.

साहेब मापं घेत होते तेवढ्या वेळात मी भाषण तयार केलं. जागा मला मिळणार हे उघड होतं आणि मी ती नाकारणार होते. तीन मुद्दे होते. पहिला माझी चूक, दुसरा तिचे श्रम, तिसरा एकूणच एका जागेसाठी चौघांना झुंजवणारी व्यवस्था. तिसऱ्या मुद्द्याला आवाज कुठं चढवायचा तेही ठरलं होतं.

साहेबांनी आम्हाला बोलावलं. टेबलावर चार पिना. माझी उचलून म्हणाले, ही पूर्ण आहे. ऑफसेट कुणी घेतले होते?

“हिनं.”

“टुलं कुणी काढली होती?”

“मी.”

“मग तू काय केलंस?”

मी विचार केला. “बटण दाबलं.”

त्यांनी मान हलवली, उत्तर बरोबर आल्यासारखी. मग मैत्रिणीची पिन उचलली. तिसऱ्या टुलाला तीनदा मोजत बसलीस, तिथं आटे गेले, अंदाजानं आकडा टाकला असता तर, असं त्यांनी विचारलं.

“आटे झाले असते साहेब,” ती म्हणाली. “पण पिन कशात बसली नसती.”

साहेबांनी कागदावर तिचं नाव लिहिलं. दिवाळीनंतरच्या सोमवारपासून, सकाळची पाळी. एवढं बोलून त्यांनी थर्मास उचलला. मी तोवर खुर्चीतून अर्धी उठले होते. सरांनी विचारलं, तुला काही बोलायचंय का. मी नाही म्हटलं आणि बसले. त्याग करायला निघावं आणि आपल्याकडं त्यागण्यासारखं काही नव्हतंच असं कळावं, याची सवय मला आमच्या घरी कुणी लावली नव्हती.

परतीच्या एसटीत मैत्रिणीनं विचारलं, उठून काय बोलणार होतीस. मी पहिल्या मुद्द्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या मुद्द्याला ती झोपली. सापगावला उतरताना म्हणाली, “माझ्यासंगं चल घरी. मी एकटीनं सांगितलं तर आई मानायची नाय.”

तिची आई झोपडीपुढं भाताचे भारे मोजून लावत होती. तिनं मुलीचं ऐकलं आणि मला विचारलं, “खरं सांगते का गो ही?” मी हो म्हटलं, फक्त हो. मला वाटतं त्या दिवशीचं माझं सगळ्यात चांगलं भाषण तेच. आईनं हातातला भारा खाली ठेवला. भट्टीवर दोन हात कमी पडतील, असं म्हणाली. मग म्हणाली, “पडू दे.”

बापानं सकाळच्या पाळीला जायची एसटी किती वाजता सुटते ते विचारलं, मग उठून झोपडीच्या दाराला आतून हात फिरवला. आजवर घरातले सगळे एकदम जायचे आणि एकदम यायचे, त्यामुळं बाहेरून कुलूप होतं, आतून कडीच नव्हती. वाडीत म्हातारी माणसं असतात, पण दाराआड पोरगी एकटी राहणार. त्यानं शेजारून एक जुनी कडी आणली, हातोडी आणली आणि दारावर डोळ्यानंच जागा धरून खिळा लावला.

“थांब बाबा,” मैत्रीण म्हणाली. दप्तरातून तिनं पट्टी काढली, दारावर मोजलं, चौकटीवर मोजलं आणि पुन्हा दारावर मोजलं. बाप हातोडी खाली घेऊन थांबला. मी तोंड उघडलं, तेव्हा तिनं उरलेले खिळे माझ्या हातात दिले आणि म्हणाली, “बोलू नको. धर.”

मी धरले.